पेन्सिल दातात, टोक पेटीला

६ नोव्हेंबर २०२४

ही डायरी प्लायवूडच्या दुकानदारानं अण्णासोंना दिलेली. १० मार्चपर्यंत त्यांच्या हातची मापं आहेत, पुढची पानं कोरी. छापील तारखा खोडून मी लिहिते आहे. तोंडानं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. कागदावर घ्यायला कुणाची बंदी नाही.

आज त्यांच्या अपघाताच्या कागदांची नक्कल मिळाली. लेक मनाली म्हणाली होती, मी रविवारी येते, वाचून सांगते. पण मी चाळिशीत विहारातल्या पुस्तकांवर वाचायला शिकले ते कशासाठी? चुलीशेजारी बसून दोनदा वाचलं. डंपरवाल्यानं तीन वेळा हॉर्न दिला होता म्हणे. खाली हंबीररावांचा जबाब. "मयतास गेली दोन वर्षे ऐकू येत नव्हते, हे मला माहीत होते." आणि सही. म्हणजे चूक डंपरची नाही, मेलेल्याची.

प्लायच्या फळीवर बोटानं टकटक करून आत पोकळ कुठं आहे ते सांगणारा माणूस बहिरा. तीस वर्षं मी शेजारी झोपले, मला कळलं नाही, आणि या हंबीररावांना कळलं.

हंबीररावांचं गाडी सजावटीचं दुकान. गाड्यांत वूफर बसवणं हा त्यांचा मोठा धंदा, आणि त्या वूफरच्या लाकडी पेट्या वीस वर्षं अण्णासोंनी बांधल्या. कुणाच्या गाडीत आवाजाचा दाब जास्त, याच्या स्पर्धा असतात. गाडीच्या पुढच्या काचेला आतून मीटर चिकटवतात, दारं लावतात, अर्धा मिनिट सूर वाजवतात आणि आकडा बघतात. पाच वर्षं पहिला नंबर हंबीररावांचा. त्यांचा सगळ्यात मोठा आकडा १४८.९ डेसिबल. कपावर नाव त्यांचं. पेटी बांधणारा गर्दीत मागं उभा.

हाच माणूस अण्णासोंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या भिंतीला डोकं लावून रडला. "मी त्याला एकट्याला फिरू द्याय नको हुतं," असं पुन्हापुन्हा म्हणत होता. मला तेव्हा दया आली होती. जबाब देऊन आलेला माणूस रडत होता, हे आज कळलं.

२६ जानेवारीला मुरगूड रोडला स्पर्धा आहे. अण्णासोंची शेवटची पेटी गाळ्यात अर्धी पडली आहे. ती पुरी करून मी हंबीररावांचा आकडा मोडणार. चारचौघांत. त्यांचं तोंड कसं होतं ते मला बघायचं आहे. दुसरं काही नको.

९ नोव्हेंबर

उद्यमनगरातला गाळा आठ महिन्यांनी उघडला. आपली व्हॅन तशीच उभी. पेटी गोणपाटाखाली. तीन बाजू जोडलेल्या, पुढची फळी कापून ठेवलेली, दोन पंधरा इंची वूफरची भोकं तासून गुळगुळीत. पोर्टची फळी बाकी आहे. पोर्ट म्हणजे पेटीचं नाक, असं ते मला सांगायचे, पेटी तिथून श्वास घेते. नाक लहानमोठं झालं की सूर हलला.

मला काम येतं. फळीचं दुसरं टोक तीस वर्षं मीच धरलं आहे. फेविकॉलमध्ये भुस्सा कालवून सांधे भरायचं काम माझंच होतं.

त्यांच्या मापांत एक ओळ सगळीकडे आहे. "पेन्सिल दातात, टोक पेटीला." पेटी वाजत असताना पेन्सिलीचं मागचं टोक दातात धरायचं आणि पुढचं फळीला लावायचं. असं करताना मी त्यांना बघितलं आहे. जुन्या कारागिराची ही खूण, दुकानात बसून कुणाला येणार नाही. हंबीररावांना दाखवायला हवी ही ओळ. बहिरा म्हणे.

स्क्रूच्या डब्यात तळाशी काजूएवढं काहीतरी सापडलं. कातडीच्या रंगाचं प्लास्टिक, बाजूला बारीक झाकण. आत बटणाएवढी बॅटरी. अँप्लिफायरचा भाग असावा. प्रसेनजीतला विचारायचं.

१५ नोव्हेंबर

प्रसेनजीत येऊन गेला. आमच्या वायरिंगची सगळी कामं तोच करायचा, अण्णासोंना थोरला भाऊ मानायचा. म्हणाला, आक्काताई, हे डोक्यातनं काढा, ह्यो दाब लई वंगाळ असतोय. मी म्हटलं, वायर जोडणार की दुसरा बघू? मग गप वायर मोजायला लागला.

तो काजू दाखवला. हातात घेऊन त्यानं बराच वेळ बघितला. "ह्यो अँपचा न्हाय, ताई," म्हणाला. मग कशाचा? तर म्हणाला, जपून ठेवा, अण्णांनी ठेवलाय म्हंजे कामाचा असंल. आणि चहा न घेताच गेला. त्याला कधीपासून चहा नको झाला?

मी तो पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

२४ नोव्हेंबर, रविवार

मनाली गारगोटीहून आली. तिथं ती नर्स आहे, रविवारी सुट्टी. कापडी पिशवीत माझ्यासाठी पेरू. गाळ्यात येऊन उभी राहिली, आणि भुस्स्यानं भरलेले माझे हात बघून रडायला लागली. मी म्हटलं, फळी धर. तिनं धरली. बापासारखीच धरते, अंगठा वर ठेवून.

जबाबाचा कागद तिच्यापुढं टाकला. तिनं वाचला. खोटं आहे म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, झालं ते झालं की आता." स्वतःच्या बापाला कुणी बहिरा म्हटलं तर झालं ते झालं? दवाखान्यात राहून माणसं थंड होतात.

पुढची फळी बसली. सांधा दाबून धरणारे शिकंजे चोवीस तास ठेवायचे.

८ डिसेंबर, रविवार

परवा सहा तारखेला काम बंद ठेवलं होतं. आज पहिली चाचणी. प्रसेनजीतनं मीटर आणलं होतं. त्यानं कानांना बोळे दिले, मी फेकून दिले. अण्णासो आत बसायचे आणि कधी बोळे घातले नाहीत. मीही त्यांच्या जागी बसले.

लिहून ठेवते कसं असतं ते. आधी आवाज नसतोच. छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं होतं. डोळ्यांपुढची काच पाण्यासारखी हलते. मग डोक्याच्या आत भरतं. मी हंबीररावांचा चेहरा डोळ्यांपुढं धरला आणि अर्धा मिनिट हलले नाही.

१४३.८. पाच पॉइंट कमी. प्रसेनजीत म्हणाला, पाच पॉइंट म्हंजे लई झालं. मी म्हटलं, पुन्हा लाव. आठ वेळा लावलं.

१० डिसेंबर

कानात रातकिडे ओरडतात. परवापासून थांबले नाहीत. उशीवर डोकं टेकलं की जास्त.

विहारातली सकाळची वंदना बंद केलेली दिसते. भोंगा बिघडला असेल. कुणी सांगितलं नाही.

१९ डिसेंबर

आज अण्णासोंची दुसरी खूण आठवली आणि मी एकटीच हसले. माझा रांगोळीचा डबा ते पळवायचे. सणाला दारात काढायला बसावं तर डबा रिकामा, आणि पठ्ठ्या गाळ्यात. मी किती बोलले असेन त्यावरून.

व्हॅनच्या टपावर रांगोळी भुरभुरायची आणि आत सूर लावायचा. पत्रा जिथं थरथरतो तिथली रांगोळी उडून जाते, जिथं स्थिर आहे तिथं रेघ धरून बसते. जिथं पत्रा हलतो तिथं दाब वाया जातो. त्या जागी आतून डांबरी पट्टी चिकटवायची, लाकडी टेकू द्यायचा. मी सकाळपासून तेच केलं. टपावर मधोमध मोठं चांदणीसारखं मोकळं पडलं होतं. टेकू दिल्यावर चांदणी बुजली. दारांना तसंच, बॉनेटला तसंच.

संध्याकाळी १४६.७.

घरी येताना मुद्दाम हंबीररावांच्या दुकानावरून आले, रांगोळीनं माखलेल्या लुगड्यात. ते गल्ल्यावर होते. मला बघून उठले, काहीतरी म्हणाले. पुटपुटले. मोठ्यानं बोलायची हिंमत राहिलेली नाही. मी थांबले नाही.

२२ डिसेंबर, रविवार

मनालीशी भांडण. ती घरात आली तर म्हणे कुकर जळत होता आणि मी तिथंच पुस्तक वाचत बसले होते. शिट्टी खराब झाली आहे, त्याला मी काय करू? मग म्हणे टीव्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो. मी म्हटलं, तुम्ही आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलता, टीव्हीवालेही तसलेच. ती माझ्या मागं उभी राहून काहीतरी बोलत होती असं नंतर म्हणाली. मी वळून बघितलं तर डोळे पुसत होती.

"आई, तू कान तपासून घे."

मी तिला सांगितलं, हंबीररावांच्या दुकानात जाऊन नोकरी धर. ती संध्याकाळची गाडी न धरता दुपारीच गेली.

२ जानेवारी २०२५

हंबीरराव गाळ्यावर आले. प्रसेनजीत होता. दारातच चपला काढल्या, हातात एक डबा. आत कानावर लावायची ती मोठी टोपणं, विमानतळावरची माणसं घालतात तसली. माझ्यासमोर ठेवली.

मोठ्यानं म्हणाले, "कान झाका, वैनी. त्यो माझं ऐकला न्हाय. तुमी तरी ऐका."

मेलेल्या माणसाबद्दल पुन्हा तेच, आणि माझ्याच गाळ्यात. मी ती टोपणं उचलून रस्त्यावर टाकली. मग त्यांना समोर उभं करून सांगितलं. तुमचा आकडा मी मोडला, तर तिथल्या माइकवर सगळ्यांपुढं म्हणायचं की माझा जबाब खोटा होता, मयताला ऐकू येत होतं. कबूल?

ते खाली बघत राहिले. प्रसेनजीत "ताई" म्हणत मधे पडला, त्याला मी हातानं थांबवलं. शेवटी हंबीररावांनी मान वर केली. त्यांचे ओठ मी नीट बघितले.

"म्हंतो, वैनी. तुमास्नी पायजे तसं म्हंतो."

इतक्या सहज कबूल करतो तो खोटाच. रात्री भाकरी गोड लागली.

११ जानेवारी

त्यांना जाऊन दहा महिने झाले. जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते.

त्या सकाळी आमचं वाजलं होतं. कारण एवढंसं. मनालीच्या लग्नाचं बोलणं, मी विचारत होते आणि ते भलतंच उत्तर देत होते. मी म्हटलं, तुम्हाला घरच्यांशी बोलायचंच नसतं, दिवसभर पेट्यांशी बोला. ते उठले, डबा न घेता निघाले. मी दारातून हाक मारली. नाव घेत नाही म्हणून "अवं" म्हणून. एकदा, दोनदा. ते वळले नाहीत. पाठ दाखवून तसेच चालत गेले. मला राग आला. तिसऱ्यांदा मारली नाही. डबा घेऊन आत आले.

अर्ध्या तासानं कोपऱ्यावरची माणसं धावत आली.

तीस वर्षांत ते माझ्यावर असे रुसून गेले नव्हते, आणि गेले ते तसेच. हा भाग कुठल्या जबाबात नाही.

१८ जानेवारी

गेल्या आठवड्यापासून १४७.९ च्या पुढं जाईना. कुठंतरी सांध्यातून हवा जाते हे मला माहीत होतं, पण गाडीत बसून नुसतं ऐकून जागा सापडेना. सगळा आवाज मेणात बुडाल्यासारखा.

मग अण्णासोंची पेन्सिल घेतली. सुताराची, चपटी, लाल. मागं त्यांच्या दातांच्या खुणा आहेत. त्याच खुणांवर दात ठेवले आणि टोक पेटीला लावलं.

किती स्वच्छ! कानांनी कधी इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. फळीफळीचा सूर वेगळा. डाव्या खालच्या सांध्यावर टोक आलं तशी दातांत मुंगी चावल्यासारखी बारीक चिरचिर झाली. तिथं सुई जाईल एवढी फट. भुस्सा-फेविकॉल भरला, वरून पट्टी मारली.

हेच ते करायचे. कान सोडून दात का, ते आज कळलं. असंच जास्त चांगलं ऐकू येतं.

२७ जानेवारी, सकाळ

काल जे झालं ते क्रमानं लिहिते.

झेंडावंदन करून आम्ही व्हॅन घेऊन गेलो. मी, प्रसेनजीत आणि मनाली. ती न बोलावता आली होती. मंगल कार्यालयाचं मैदान, चाळीसेक गाड्या. बायकांत मी एकटी. एक म्हणाला, मावशी, हळदीकुंकवाचा कार्यक्रम तिकडं हाय, असं मनालीनं नंतर सांगितलं. अर्जावर मी मालकाच्या जागी अण्णासोंचं नाव लिहिलं होतं.

आमचा नंबर विसावा. हंबीररावांची गाडी आधी झाली. १४८.२. यंदाची पेटी दुसऱ्या सुताराची होती.

आमच्या आधी दोन गाड्या उरल्या तेव्हा मी टप शेवटचा तपासायला रांगोळीचा डबा काढला. पाठमोरी वाकून व्हॅनच्या मागं डबा जमिनीवर ठेवत होते. अचानक कुणीतरी माझा दंड धरून मला जोरात ओढलं. मी कोलमडले. वळून बघते तर हंबीरराव. परक्या बाईच्या दंडाला हात. दहा महिन्यांचं सगळं माझ्या हातात आलं आणि मी त्यांच्या थोबाडीत मारली. मैदान बघत होतं.

त्यांनी गाल धरला नाही. माझ्या मागं बोट दाखवलं.

जनरेटरचा टेम्पो मागं मागं येऊन मी वाकले होते तिथंच थांबला होता. ड्रायव्हर पांढराफटक. त्याचा हात अजून हॉर्नवर होता. हात दाबलेला होता, मला दिसत होतं. चाकाखाली माझा डबा चपटा झालेला, आणि रांगोळी चारी बाजूंना.

मी त्या ड्रायव्हरच्या हाताकडं बघत राहिले. हात दाबलेला होता आणि मला फक्त रातकिडे ऐकू येत होते.

मनाली समोर येऊन उभी राहिली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून सावकाश बोलली, म्हणजे मला ओठ दिसावेत. "बाबांनाबी असंच झालतं, आई. तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीती. कानाचं मशीन मीच आणून दिलतं, त्यांनी घातलं न्हाय. तुला कळंल म्हणून."

मी पदराची गाठ सोडली. काजू तिच्या हातावर ठेवला. तिनं मान हलवली.

प्रसेनजीतनं विचारलं, जाऊया घरला? मी म्हटलं, नंबर आलाय, गाडी लाव.

आत मीच बसले. या वेळी मनालीनं बोळे घातले, मी घालू दिले. पेन्सिल दातात धरली. पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका श्वासात वाजली, कुठंही मुंगी नाही. बाहेर आले तर फळ्यावर १४९.४. माणसं हात वर करून नाचत होती.

हंबीररावांच्या हातात माइक दिला होता कुणीतरी. गालावर माझी बोटं अजून दिसत होती. ते माझ्याकडं बघत होते, कबूल केलेलं म्हणायला तोंड उघडलं होतं. खोटं बोलणार होते. मला हवं होतं ते, मला हवं तसं. या क्षणासाठी मी तीन महिने जगले.

मी जाऊन माइक हिसकावून घेतला. माझाच आवाज मला लांबून येत होता, त्यामुळे किती मोठ्यानं बोलले कळलं नाही. मनाली म्हणते, रस्त्यापर्यंत गेलं असेल.

मी म्हटलं, "माझ्या मालकांना ऐकू येत नव्हतं. अण्णासो त्यांचं नाव. तुमच्या ह्या पाच वर्षांच्या कपांतल्या शेवटच्या दोन पेट्या बहिऱ्या माणसानं दातानं ऐकून बांधल्या. आजचीबी त्यांचीच. आता वाजवा टाळ्या."

वाजवल्या असाव्यात. हात हलताना दिसत होते.

नंतर हंबीरराव माझ्यासमोर आले. त्यांना काही बोलू दिलं नाही. सांगितलं, थोबाडीत मारली ती परत घेत नाही. टेम्पोची नाही ती. तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही, त्याची आहे. मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या बाजूनं चालले असते. त्यांनी मान खाली घातली. या वेळी मला ते आवडलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मनालीनं गारगोटीला नेऊन कान तपासले. उजवा जवळजवळ गेला आहे, डावाही बराच. गेलेलं परत येत नाही म्हणे. पेट्यांचं काम करायचं तर टोपणं घालूनच, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. हंबीररावांनी तसलीच दुसरी पाठवली आहेत. ती खुंटीवर आहेत. घालेन. म्हणून मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. मे महिन्यात पुढची स्पर्धा आहे, त्यांनी आत्तापासून सुतार शोधावा.

मनालीनं अण्णासोंच्या मशीनला नवी बॅटरी घातली. म्हणाली, हे त्यांच्या कानाच्या मापाचं आहे, तुला नीट बसणार नाही, तुला नवं घेऊ. मी तरी घालून बघितलं. सैल आहे, बोटानं दाबून धरावं लागतं. दाबून धरल्यावर आधी भांड्यांचा आवाज आला, मग गल्लीतला. मग लांबून विहारातली वंदना. ती बंद झालेलीच नव्हती.

तिथंच उंबऱ्यावर बसले. त्या सकाळी याच दारातून मी दोनदा हाक मारली होती. मी त्यांच्या पाठीला रुसवा समजले आणि दहा महिने तोच उराशी धरला. ते रुसले नव्हते. त्यांना हाक गेलीच नव्हती. दहा मारल्या असत्या तरी गेली नसती. पळत जाऊन हातात डबा दिला असता, तर घेतला असता, आणि हसलेही असते.

मनाली संध्याकाळी निघाली. नेहमी कोपऱ्यावरून "येते गं" म्हणून ओरडते. आज कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, आणि परत चालत येऊन माझ्या समोर उभी राहून तेच म्हणाली.